हँडहेल्ड घेण्याआधीचा हिशेब: वजन, वॉट-तास आणि आपल्या हातातला वेळ

हातात धरून खेळण्याच्या कन्सोलकडून, म्हणजे हँडहेल्डकडून, नेमके काय हवे असे दहा जणांना विचारले तर उत्तरे जवळपास सारखीच येतात. पडदा मोठा हवा, वजन कमी हवे, बॅटरी दिवसभर पुरावी, संगणकावरचे सगळे खेळ चालावेत, पंखा ऐकू येऊ नये आणि हे सारे पन्नास हजारांच्या आत बसावे. यातली प्रत्येक मागणी रास्त आहे. अडचण एवढीच, की या मागण्या एकमेकींच्या मुळावर उठलेल्या आहेत. पडदा मोठा केला की तो उजळवायला वीज जास्त लागते, वीज जास्त हवी म्हणून बॅटरी मोठी करावी तर वजन वाढते, आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी यंत्र चपटे केले की पंखा लहान होऊन जास्त घुमतो. त्यामुळे आदर्श हँडहेल्ड शोधणे म्हणजे यांपैकी कोणत्या दोन मागण्यांवर आपण पाणी सोडायला तयार आहोत, हे शोधणे होय. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत: आधी स्वतःची सवय, मग खेळ आणि त्यानंतर यंत्र. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात आणि पाठीमागे छापलेल्या आकड्यांवर भाळून खरेदी करतात; पहिल्या वेळी मीही तेच केले होते.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची नोंद

वही घ्यावी किंवा फोनमध्येच टिपून ठेवावे, पण चौदा दिवस एवढे एकच काम करावे: आज खेळायची इच्छा कधी झाली, तेव्हा आपण कुठे होतो आणि हातात किती मिनिटे होती. यंत्र अजून घेतलेले नसतानाही ही नोंद करता येते, कारण त्या वेळी आपण फोन चाळत बसलेलो असतो.

माझी समजूत अशी होती, की मी पुणे-मुंबई प्रवासात खेळेन. म्हणून माझे सारे लक्ष बॅटरीवर होते. प्रत्यक्षात चौदापैकी अकरा नोंदी रात्री साडेदहानंतरच्या, अंथरुणावर पडून, पंचवीस-तीस मिनिटांच्या निघाल्या. चार्जरचा प्लग हाताच्या अंतरावर होता. म्हणजे मला दहा तासांची बॅटरी नको होती. पाठीवर झोपून चेहऱ्यावर धरता येईल असे वजन, शेजारी झोपलेल्या माणसाला जाग येणार नाही असा पंखा आणि बटण दाबताच कालच्या जागी उघडणारा खेळ हवा होता. याउलट पनवेलहून सीएसएमटीपर्यंत लोकलने रोज सव्वा तास जाणाऱ्या आणि बसायला जागा मिळणाऱ्या माणसाची नोंद वेगळी येईल, आणि दिवाणखान्यात टीव्हीला जोडून मुलांबरोबर खेळणाऱ्या घराची आणखी वेगळी. पुढची प्रत्येक पायरी वाचताना ही नोंद शेजारी ठेवावी.

दुसरी पायरी: खेळांची यादी, आणि तीही खरीखुरी

येत्या वर्षात आपण जे खेळ खेळणार आहोत, त्यांची पाच-सात नावे लिहावीत. ‘सगळेच खेळ’ असे उत्तर कोणी देऊ लागले तर ते उत्तर टाळाटाळीचे समजावे, कारण वर्षाकाठी पाच मोठे खेळ पूर्ण करणाराही आपल्या ओळखीत विरळाच असतो.

यादी झाली की ती चार गटांत वाटावी. निंटेंडोचे स्वतःचे खेळ, फोनसाठी केलेले मोजके सोडले तर, निंटेंडोच्याच यंत्रांवर मिळतात, त्यामुळे यादीत मारिओ आणि झेल्डा असतील तर पर्याय स्विच किंवा ५ जून २०२५ रोजी आलेला स्विच २, एवढाच उरतो. संगणकावरचे, विशेषतः स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले खेळ असतील तर स्टीम डेक, असूसचा आरओजी अ‍ॅलाय, लेनोवोचा लीजन गो यांचे घराणे पाहावे. यादीत बीजीएमआयसारखे फोनवरचेच खेळ असतील तर पन्नास हजारांचे हँडहेल्ड घेण्याऐवजी आहे त्या फोनला दोन्ही बाजूंनी बसणारा कंट्रोलर जोडणे शहाणपणाचे, मात्र आपल्या खेळात कंट्रोलर चालतो का, हे आधी पाहून घ्यावे. आणि घरी प्लेस्टेशन ५ असेल, तर सोनीचे प्लेस्टेशन पोर्टल हा आठ इंची पडद्याचा पर्याय आहे. परंतु ते स्वतः खेळ चालवत नाही, खेळाचे चित्र वाय-फायवरून आणून दाखवते. ज्या गावात रोज तासभर वीज जाते तिथे पोर्टलची बॅटरी भरलेली असूनही राउटर बंद पडल्यावर खेळ थांबतो, ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

संगणकी खेळांच्या गटात एक फाटा लक्षात ठेवावा लागतो. स्टीम डेकवर विंडोज नसून लिनक्सवर बेतलेली स्टीमओएस ही प्रणाली आहे, आणि विंडोजसाठी लिहिलेले खेळ प्रोटॉन नावाच्या दुभाष्यामार्फत तिच्यावर चालतात. एकट्याने खेळायच्या खेळांत हा दुभाष्या इतका तरबेज आहे, की फरक जाणवतही नाही. मात्र व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट यांसारखे ऑनलाइन चुरशीचे खेळ फसवेगिरी पकडणारी जी पहारेकरी प्रणाली वापरतात, तिच्यामुळे ते स्टीमओएसवर चालत नाहीत. यादीत असा एक जरी खेळ असला आणि तोच रोज खेळायचा असला, तर विंडोजचे यंत्र पाहावे. बाकीच्यांसाठी स्टीमवर तपासून झालेल्या प्रत्येक खेळाच्या पानावर तो डेकवर पडताळलेला आहे, खेळण्याजोगा आहे की चालत नाही, असा शेरा दिलेला असतो. यादीतले प्रत्येक नाव तिथे तपासायला दहा मिनिटे पुरतात.

तिसरी पायरी: वजन, स्वयंपाकघरातल्या साखरेने

आकडे आधी सांगतो. स्विच लाइट सुमारे २७५ ग्रॅम, स्विच २ जॉय-कॉन या दोन्ही सुट्या कंट्रोलर्ससह ५३४ ग्रॅम, पहिला आरओजी अ‍ॅलाय ६०८, स्टीम डेक ओएलईडी ६४०, त्याआधीचा एलसीडी डेक ६६९, अ‍ॅलाय एक्स ६७८ आणि पहिला लीजन गो कंट्रोलर्ससह ८५४ ग्रॅम. कागदावर ६०८ आणि ६७८ यांत फरक दिसत नाही. म्हणून एका पिशवीत साखर किंवा तांदूळ मोजून घ्यावेत, पिशवी एखाद्या लांबट डब्यात भरावी आणि तो डबा दोन्ही हातांनी, कोपर टेकवून व न टेकवता, प्रत्येकी वीस मिनिटे धरून पाहावा. घरच्यांना हा प्रकार विचित्र वाटेल, पण ८५० ग्रॅमच्या डब्याने बाराव्या मिनिटाला मनगट जे सांगते ते कोणत्याही समीक्षेत लिहिलेले नसते.

नुसते वजनच नव्हे, तर ते कुठे आहे हेही महत्त्वाचे असते. कडेला तळहात भरेल असा फुगवटा असलेले ६४० ग्रॅमचे यंत्र सपाट पाठीच्या ५३० ग्रॅमच्या यंत्रापेक्षा हलके वाटते, कारण पहिले तळहातावर विसावते आणि दुसरे बोटांनी चिमटीत धरावे लागते. दुकानात नमुना उपलब्ध असेल तर तो हातात घेऊन अंगठा डाव्या स्टिकवरून, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीवरून, खालच्या बटणांकडे नेऊन पाहावा. पकड न सोडता तो पोहोचत नसेल, तर ते यंत्र आपल्या हातासाठी केलेले नाही. लहान मुलासाठी घ्यायचे असल्यास ही परीक्षा त्या मुलालाच द्यायला लावावी. वडिलांच्या पंजावर बेतलेला डेक नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात ताटासारखा दिसतो.

चौथी पायरी: वॉट-तासांचा हिशेब

माझ्या मते या साऱ्या व्यवहारात जाहिरातीला फिरवता येत नाही असा आकडा एकच, आणि तो म्हणजे बॅटरीची वॉट-तासांतली क्षमता. ‘आठ तासांपर्यंत’ या शब्दांतले ‘पर्यंत’ कुठेही ताणता येते. चाळीस वॉट-तास मात्र चाळीसच राहतात.

हिशेब शाळेतल्या हौदाच्या गणितासारखा आहे. हौदात किती पाणी आहे ते वॉट-तास सांगतात आणि नळ किती सुटला आहे ते वॉट सांगतात. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची होती. शेतीवाडीचा साधा, द्विमिती खेळ चालवताना पडद्यासकट सारे यंत्र मिळून आठ-नऊ वॉट खाते, म्हणजे साडेचार ते पाच तास मिळतात. त्याच यंत्रावर मोठा, त्रिमिती, भव्य नगरीत फिरवणारा खेळ लावला की खर्च बावीस वॉटच्या घरात जातो आणि वेळ जेमतेम पावणेदोन तासांवर येतो. पहिल्या आरओजी अ‍ॅलायमध्येही ४० वॉट-तासांचीच बॅटरी होती, पण त्याची चिप पंचवीस-तीस वॉटपर्यंत चढवता येत असे. तशी चढवली की तास-सव्वा तासात यंत्र चार्जर मागू लागते. असूसने पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, आणलेल्या अ‍ॅलाय एक्समध्ये बॅटरी थेट दुप्पट, ८० वॉट-तासांची केली आणि वजन केवळ सत्तर ग्रॅमने वाढू दिले. ग्राहकांना खरोखर काय हवे होते, याची ती एका अर्थाने कबुलीच होती. स्टीम डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणलेल्या ओएलईडी डेकमध्येही बॅटरी ५० वॉट-तासांवर नेली, पण सोबत कमी वीज खाणारी चिप आणि पडदा दिला.

हा धडा नवा नाही. १९८९ मध्ये निंटेंडोचा गेम बॉय आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट, रंगहीन आणि मागून उजेड नसलेला होता. त्याच वर्षी आलेला अटारी लिंक्स आणि पुढच्या वर्षीचा सेगा गेम गिअर हे दोघेही रंगीत आणि उजळ होते. पण गेम बॉय पेन्सिल सेलच्या चार नगांवर कितीतरी तास चाले, तर गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत संपवी. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून जवळपास ११ कोटी ८७ लाख नग विकले गेले. त्याचे जनक गुनपेई योकोई यांचा आग्रहच होता, की जुने, स्वस्त आणि पक्के झालेले तंत्र नव्या तऱ्हेने वापरावे.

काही कंपन्या वॉट-तास न देता मिलिअँपिअर-तास देतात. अशा वेळी त्या आकड्याला सुमारे ३.७ ने गुणून हजाराने भागावे. स्विच २ ची ५,२२० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने वीस वॉट-तासांच्या आसपास येते, आणि निंटेंडो स्वतः दोन ते साडेसहा तास का सांगते ते उलगडते. हाच गुणाकार पॉवर बँकेलाही लावावा: २०,००० चा आकडा छापलेली बँक ७४ वॉट-तासांची असते, त्यातले रूपांतरात वाया जाणारे वजा करता ती चाळीसची बॅटरी फार तर सव्वा वेळा भरते. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी विमान कंपनीच्या वेगळ्या परवानगीविना सोबतच्या सामानात नेता येते, पण चेक-इनच्या बॅगेत पॉवर बँक टाकता येत नाही.

चार्जरची मेख वेगळीच आहे. आपल्या फोनसोबत आलेल्या चार्जरवर ६७ किंवा ८० वॉट छापलेले असले तरी तो वेग बहुधा त्याच कंपनीच्या फोनपुरता असतो. दुसऱ्या यंत्राला तोच चार्जर पंधरा-अठरा वॉटच देतो आणि मोठा खेळ चालू असताना बॅटरी प्लगला लावूनही उतरत राहते. स्टीम डेकला ४५ वॉटचा, अ‍ॅलायला ६५ वॉटचा यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी चार्जर लागतो. चार्जरवर बारीक अक्षरांत ‘पीडी’च्या पुढे कोणते व्होल्ट-अँपिअर दिले आहेत ते भिंग लावून वाचावे.

उन्हाळ्याचा मुद्दाही इथेच येतो. जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली असताना व्हॉल्व्हने जाहीर केले होते, की डेक ० ते ३५ अंश सेल्सिअसच्या हवेत सर्वांत चांगला चालतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा दुपारी पंख्याखाली बसून खेळणाऱ्याला पूर्ण वेगाची अपेक्षा ठेवता येणार नाही; चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. तापलेल्या गाडीत यंत्र ठेवून जाणे हे बॅटरी फुगवण्याचे हमखास साधन आहे.

पाचवी पायरी: पडदा पाहावा डोळ्यांनी, आकड्यांनी नव्हे

डेकच्या १२८० × ८०० पडद्यावर सुमारे दहा लाख ठिपके असतात, अ‍ॅलायच्या १९२० × १०८० वर वीस लाखांहून अधिक, आणि पहिल्या लीजन गोच्या २५६० × १६०० वर चाळीस लाखांहून जास्त. चिपला प्रत्येक ठिपका रंगवायचा असतो, म्हणून लीजन गोचा मालक मोठे खेळ पडद्याच्या पूर्ण क्षमतेवर सहसा चालवतच नाही. तो रिझोल्यूशन उतरवतो. ज्या चाळीस लाख ठिपक्यांचे पैसे मोजले त्यांचा उपयोग मग मजकूर वाचण्यापुरता राहतो. सात इंचांवर दहा लाख ठिपके मला पुरेसे वाटतात. पंचेचाळिशीनंतर ज्यांना जवळचे दिसायला चष्मा लागतो त्यांनी मात्र ठिपक्यांपेक्षा पडद्याच्या इंचांकडे पाहावे, कारण संगणकाच्या मोठ्या पडद्यासाठी आखलेली खेळातली अक्षरे सात इंचांवर मुंगीएवढी होतात, आणि ती मोठी करण्याची सोय प्रत्येक खेळात नसते.

पडद्याबाबत एकच तांत्रिक गोष्ट समजून घेण्याजोगी आहे, पण ती नीट समजून घ्यावी. खेळ सेकंदाला किती चित्रे दाखवतो यावर हालचालीचा गुळगुळीतपणा ठरतो. सेकंदाला ३० चित्रे असतील तर प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० असतील तर १६.७. या दोहोंच्या बरोबर मध्यावर २५ मिलिसेकंद येतात, आणि २५ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला ४५ नव्हे तर ४० चित्रे. याचा अर्थ, ३० वरून ४० वर गेल्याने डोळ्यांना ६० च्या दिशेने निम्मा रस्ता मिळतो आणि वीज मात्र ६० एवढी लागत नाही. मी बावीस वॉट खाणारा तो मोठा खेळ ४० वर बांधून ठेवला तेव्हा खर्च पंधरा वॉटवर आला आणि पावणेदोन तासांचे अडीच तासांहून थोडे अधिक झाले. मात्र ही युक्ती नीट साधायला पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला जितक्या वेळा चित्र नव्याने रंगवतो तो आकडा, ४० ने भाग जाणारा, जसे १२०, असावा लागतो, किंवा तो ४० वर उतरवता यायला हवा, किंवा खेळाच्या चालीने आपोआप बदलणारा हवा. साध्या ६० च्या पडद्यावर ४० चित्रे अडखळत दिसतात. म्हणून दुकानदाराला ‘रिफ्रेश रेट किती’ एवढेच न विचारता ‘तो कमी-जास्त होतो का’ हेही विचारावे.

ओएलईडी की एलसीडी, हा वाद मी लांबवणार नाही. अंधारात खेळणाऱ्याने शक्य असेल तर ओएलईडी घ्यावा, कारण त्यावर काळा रंग खरोखर काळा दिसतो. एसटीच्या खिडकीशी, उन्हात बसून खेळणाऱ्याला दोन्ही पडद्यांत स्वतःचाच चेहरा दिसणार आहे.

सहावी पायरी: स्टिक आणि त्यांचा आजार

सगळे यंत्र उत्तम असूनही एका स्टिकने ते निरुपयोगी ठरते. साध्या स्टिकच्या आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर धातूचा लहानसा पाय घासत फिरतो. हजारो फेऱ्यांनंतर पट्टा झिजतो, धूळ साचते आणि अंगठा काढूनही खेळातला माणूस आपणहून डावीकडे चालू लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्ट किंवा टीएमआर प्रकारच्या स्टिकमध्ये चुंबक आणि संवेदक एकमेकांना न शिवता काम करतात, त्यामुळे ही झीज होत नाही. स्विच २ मध्ये हॉल इफेक्ट स्टिक नाहीत, हे निंटेंडोने स्वतः सांगितले आहे. डेकमध्येही मूळ स्टिक साध्याच आहेत, परंतु तिथे त्या स्क्रू काढून बदलता येतात आणि व्हॉल्व्हने दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या आयफिक्सिट कंपनीमार्फत सुटे भाग विक्रीला ठेवले आहेत.

माझ्या पहिल्या यंत्राची डावी स्टिक चौदाव्या महिन्यात भरकटली. ज्या दुकानातून ते घेतले होते तिथे मला ‘साहेब, हा बाहेरून आलेला माल आहे, याला वॉरंटी आमचीच सहा महिन्यांची होती’ असे सांगण्यात आले, आणि बिल म्हणून मिळालेल्या कागदावर यंत्राचा सिरियल नंबरही नव्हता. शेवटी एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने पंधरा दिवसांनी भाग मागवून तो बदलून दिला. त्याने उघडलेली जुनी स्टिक मला दाखवली: नखाएवढ्या डबीत काळ्या पट्ट्यावर एक चकचकीत वाट पडली होती, पाऊलवाटेसारखी.

म्हणून कोणतेही यंत्र ठरवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत: स्टिक कोणत्या प्रकारच्या आहेत, त्या बदलण्यासाठी यंत्र किती उघडावे लागते आणि सुटी स्टिक आपल्या शहरात किंवा निदान देशात मिळते का. स्विचसारखे कंट्रोलर सुटे निघत असतील तर दुरुस्ती सोपी पडते. स्विच लाइटसारखे ते अंगचेच असतील तर स्टिक बिघडली की अख्खे यंत्र दुरुस्तीला द्यावे लागते.

सातवी पायरी: झोपवणे आणि उठवणे

पंचवीस मिनिटे हातात असणाऱ्या माणसासाठी यंत्राचा सर्वांत मोठा गुण म्हणजे बटण दाबताच खेळ जिथे होता तिथे थांबणे आणि दुसऱ्या रात्री तिथूनच उठणे. निंटेंडोच्या यंत्रांत हे काम बिनबोभाट होते, स्टीमओएसवरही जवळपास तसेच. विंडोजवर मात्र झोपवलेले यंत्र बॅगेत स्वतःहून जागे होऊन तापणे, सकाळी बॅटरी निम्मी उतरलेली सापडणे, आणि उठल्यावर खेळाऐवजी अपडेटची सूचना समोर येणे, या तक्रारी नित्याच्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलायसोबत मायक्रोसॉफ्टने विंडोजवर पूर्ण पडद्याचा, कंट्रोलरने चालणारा वेगळा दर्शनी भाग दिला, तो याच तक्रारींवरचा उतारा. आणि लेनोवोने लीजन गो एस २०२५ मध्ये स्टीमओएससह विकायला काढला. व्हॉल्व्हखेरीज दुसऱ्या कंपनीचे ते तसे पहिलेच यंत्र. दुकानात परवानगी मिळाली तर खेळ मध्यावर असताना यंत्र झोपवावे, पाच मिनिटे गप्पा माराव्यात आणि मग ते उठवून पाहावे.

आठवी पायरी: साठवण आणि मालकी

मोठे खेळ शंभर-दीडशे जीबी जागा सहज घेतात, त्यामुळे ६४ जीबीचे यंत्र जुन्या बाजारात स्वस्त मिळाले तरी ते मेमरी कार्डाच्या खर्चासकट स्वस्त आहे का, हे पाहावे. स्विच २ मध्ये खेळ साठवण्यासाठी जुने मायक्रोएसडी कार्ड चालत नाही, मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागते, आणि ते महाग असते. संगणकी हँडहेल्डमध्ये आतली एसएसडी, म्हणजे खेळ साठवणारी पट्टी, बदलायची शक्यता असेल तर तिचा आकार विचारावा: डेक आणि पहिला अ‍ॅलाय यांना २२३० नावाची आखूड एसएसडी लागते, अ‍ॅलाय एक्सला लॅपटॉपमध्ये सर्रास मिळणारी २२८० चालते.

मालकीचा प्रश्न याहून जरा खोल आहे. कार्ट्रिजवर, म्हणजे यंत्रात खोचायच्या छोट्या कार्डावर, घेतलेला खेळ संपल्यावर मित्राला देता येतो किंवा विकता येतो; डाउनलोड केलेला विकता येत नाही. स्विच २ चे काही खेळ मात्र अशा कार्डावर येतात, की त्यात खेळ नसतो, फक्त तो डाउनलोड करण्याची किल्ली असते. डब्यावर तसा उल्लेख असतो, तो वाचूनच घ्यावे. स्टीमवर किमती रुपयांत आहेत, यूपीआय चालते, आणि विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असल्यास पैसे परत मागता येतात. नवे यंत्र आल्यावर या सवलतीचा उपयोग परीक्षेसाठी करायला हरकत नाही.

अँबरनिक, मियू वगैरे चिनी कंपन्यांची साडेतीन इंची पडद्याची, जुन्या काळचे खेळ चालवणारी, खिशात मावणारी यंत्रेही इथेच निकालात काढतो. ती हलकी, स्वस्त आणि मोहक आहेत. मात्र त्यांच्यासोबत ‘दहा हजार खेळ भरलेले’ म्हणून जे कार्ड मिळते त्यातले खेळ बहुतांशी विनापरवाना उचललेले असतात, आणि ते कार्डही इतके हलक्या प्रतीचे असते, की काही महिन्यांत मान टाकते.

नववी पायरी: कुठून घ्यावे आणि पहिला आठवडा

असूसची यंत्रे भारतात अधिकृतपणे मिळतात. पहिला अ‍ॅलाय २०२३ मध्ये इथे ६९,९९० रुपयांना आला होता. स्टीम डेकची आणि निंटेंडोच्या यंत्रांची अधिकृत विक्री मात्र भारतात नाही. जे मिळते ते आयात करून विकलेले असते आणि त्यावर दुकानाची वॉरंटी असते, कंपनीची नव्हे. असे यंत्र घेऊच नये असे मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः दोनदा घेतले आहे. पण त्याची किंमत ठरवताना एका स्टिकची आणि एका बॅटरीची दुरुस्ती त्यात आधीच मिळवावी, आणि मगच अधिकृत यंत्राशी तुलना करावी. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर वॉरंटी त्या देशापुरतीच असते आणि बिघडल्यास यंत्र परत तिकडे पाठवावे लागते, हे भाऊ किंवा आत्या विमानात बसण्याआधीच बोलून घ्यावे. दुकानातून घेताना जीएसटीचे बिल, त्यावर सिरियल नंबर आणि वॉरंटीचा कालावधी लेखी मागावा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तक्रार नोंदवताना हाच कागद लागतो.

खोके उघडताना सलग व्हिडिओ काढावा. पहिल्या दिवशी बॅटरी पूर्ण भरावी, यादीतला सर्वांत जड खेळ लावावा आणि घड्याळ लावून यंत्र बंद पडेपर्यंत खेळावे. वॉट-तासांच्या हिशेबाने येणाऱ्या वेळेपेक्षा निम्माच वेळ मिळाला तर बॅटरी सदोष आहे. दुसऱ्या दिवशी संपूर्ण अंधारात एकदा काळा आणि एकदा पांढरा पडदा लावून मृत ठिपके शोधावेत. तिसऱ्या दिवशी सेटिंगमधली स्टिकची चाचणी उघडून अंगठे बाजूला ठेवावेत आणि मधला ठिपका जागचा हलतो का, ते दोन मिनिटे न्याहाळावे. मग स्टिक कडेने गोल फिरवून वर्तुळ सगळीकडे कडेला टेकते का, तेही पाहावे. मेमरी कार्डावर एक मोठा खेळ टाकून तो तासभर चालवावा, कारण कार्डाच्या खाचेतला दोष बहुधा यंत्र तापल्यावरच उघड होतो. चौथ्या रात्री खेळ मध्यावर झोपवून बॅटरीचा टक्का लिहून ठेवावा आणि सकाळी परत पाहावा: पाच-सात टक्के उतरणे चालण्यासारखे आहे, तीस टक्के उतरले असतील तर सेटिंग तपासावे, आणि सेटिंग ठीक असूनही दुसऱ्या रात्री तेच झाले, तर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत यंत्र खोक्यात घालून, व्हिडिओ आणि बिल घेऊन, दुकान गाठावे.